सोन्याचें मोल आणि हाताचें मोल

सोनें हा धातु मनुष्यजातीस फार प्राचीन काळापासून प्रिय आहे. तें गंजत नाहीं, काळें पडत नाहीं. हजारों वर्षें जमिनींत पुरलेलें असलें तरी वर काढून पुसलें कीं पूर्ववत् झळकूं लागतें. त्याचे हे गुण सर्वांस ठाऊक आहेत. परंतु या गुणांबरोबरच सोन्याच्या अंगीं एक विचित्र दोषहि आहे, व तिकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. तो दोष हा कीं, सोन्याची वस्तु केव्हांहि वितळवितां येते आणि वितळविली तरी धातूची किंमत कमी होत नाहीं. पाषाणाची मूर्ति फोडून कोणास लाभ होत नाहीं. चित्र फाडलें तर चिंध्याच हातीं येतात. परंतु सोन्याचा अलंकार मोडला तर रोख सोनें हातीं येतें. यामुळें इतर कारागिरांचीं कामें काळाच्या हातून नष्ट होतात, तर सोनाराचें काम बहुधा मनुष्याच्याच हातून नष्ट होतें.

“मोड” हा शब्द आपल्या घराघरांतून ऐकूं येतो. जुना दागिना पेढीवर नेला म्हणजे त्याचा कस पाहतात, तो तराजूंत घालतात, आणि वजन व कस यांच्या मानानें पैसा मिळतो. तो दागिना घडवितांना दिलेली घडणावळ मात्र कोणी परत देत नाहीं. ज्या हातांनीं चार-चार दिवस खपून एकेक मणि ओवला, एकेक पाकळी उचलली, त्या हातांच्या श्रमाची किंमत त्या क्षणीं शून्य धरिली जाते. हा व्यवहार आहे, आणि व्यवहार या दृष्टीनें तो चुकीचाहि नाहीं. अडल्यानडल्या वेळीं सोन्यानेंच कित्येक संसार सांवरले आहेत. तथापि प्रश्न उरतोच. दागिन्यांत सोनें व कारागिरी अशीं दोन मोलें एकत्र आलेलीं असतां त्यांतील एकाचीच मोजदाद कां व्हावी? विसाव्या शतकांत युरोपांतील कांहीं सुवर्णकारांनीं हाच प्रश्न आपल्या कामानें जगापुढें मांडिला. त्यांच्या कलेची आपल्या वाचकांस ओळख करून द्यावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

सोन्याच्या या दोषापासून थोर सुवर्णकारहि सुटले नाहींत. इटलींतील फ्लॉरेन्स नगरीचा बेन्व्हेनुतो चेल्लीनी (१५००–१५७१) हा आपल्या काळचा विख्यात सोनार व शिल्पकार होता. इ. स. १५२७ सालीं सम्राट् पांचवा चार्लस याच्या सैन्यानें रोम शहर लुटलें, तेव्हां पोप सातवा क्लेमेंट यानें किल्ल्याचा आश्रय घेतला होता. त्याच्या आज्ञेवरून चेल्लीनीनें खजिन्यांतील दागिन्यांचीं रत्नें कोंदणांतून काढिलीं व उरलेलें सोनें किल्ल्यांतच भट्टी रचून वितळविलें. ही हकीकत त्यानें स्वतःच आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेविली आहे. त्या भट्टींत कोणकोणत्या कारागिरांच्या आयुष्याचें काम गेलें, तें आतां कोणास सांगतां यावयाचें नाहीं. पुढें काळानें चेल्लीनीवरहि तोच प्रसंग आणिला. त्यानें घडविलेल्या सोन्याच्या मोठ्या कामांपैकीं निःसंशय त्याचें म्हणतां येईल असें एकच काम आज शिल्लक आहे. तें म्हणजे फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याच्यासाठीं १५४३ सालीं पुरें केलेलें मिठाचें पात्र. तें व्हिएन्ना येथील संग्रहालयांत आहे. २००३ सालीं तें चोरीस गेलें होतें; २००६ सालीं ऑस्ट्रियांतीलच एका रानांत पुरून ठेविलेलें सांपडलें. सुदैवानें चोरानें तें वितळविलें नव्हतें.

आतां या धातूचा स्वभाव थोडा पाहूं, म्हणजे पुढील विवेचन सुगम होईल. सोनें पाण्याच्या सुमारें १९.३ पट जड असून १०६४ अंश सेल्सियस उष्णतेस वितळतें. तो फार नरम व लवचिक धातु आहे. एका ग्रॅम सोन्याची दोन किलोमीटरांहून अधिक लांब तार ओढतां येते. तेंच ठोकून वर्ख केला तर अर्धा चौरस मीटर जागा सहज झांकून टाकतो. परंतु हा नरमपणाच दागिन्यास मारक होतो. निव्वळ चोवीस कॅरट सोन्याची अंगठी वापरांत वांकते व झिजते. म्हणून त्यांत दुसरा धातु मिसळावा लागतो. आपल्याकडील बावीस कॅरटच्या बांगडीवर “९१६” हा आंकडा असतो, त्याचा अर्थ हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोनें. युरोपांत बहुधा अठरा कॅरट, म्हणजे हजारांत ७५० भाग सोनें वापरतात. उरलेल्या २५० भागांत काय घालावें हें सोनाराच्या हातीं असतें, आणि येथेंच कलेस वाव मिळतो. तांबें अधिक घातलें तर सोनें तांबूस होतें; रूपें अधिक घातलें तर फिकें, किंचित् हिरवट दिसूं लागतें; पॅलॅडियम नांवाचा धातु घातला तर तें पांढरें होतें. म्हणजे चित्रकारापाशीं जसे रंग, तशा सोनारापाशीं सोन्याच्या छटा असतात. पुष्कळांस सोनें एकाच रंगाचें असतें असें वाटतें. तें खरें नव्हे.

सोनाराच्या हत्यारांत गेल्या कित्येक शतकांत मूलतः फारसा पालट झालेला नाहीं. मूस, चिमटा, ऐरण, हातोडी, कानस, फुंकणी, आणि तार ओढण्याचें जंतर, म्हणजे उतरत्या मापाच्या छिद्रांची पोलादी पट्टी, एवढ्यावर त्याचें बहुतेक काम चालतें. आतां फुंकणीच्या जागीं गॅसची ज्योत आली आहे व पत्रा लाटण्यास यंत्र आलें आहे इतकेंच. सोनें ठोकीत किंवा ओढीत गेलें म्हणजे तें हळूहळू कठीण होतें. त्याच्या आंतील सूक्ष्म कण ताणले जातात. तसेंच पुढें ठोकलें तर तें चिरतें. म्हणून मधून मधून तें मंद लाल होईपर्यंत तापवावें लागतें. त्या उष्णतेनें आंतील कण नव्यानें जुळतात व धातु पुन्हा मऊ होतो. दोन भाग जोडावयाचे असतील तर सांध्यास सवागी लावून डाख ठेवितात व ज्योतीनें झाळतात. डाख हें सोन्याचेंच मिश्रण, पण थोड्या कमी उष्णतेस वितळणारें. हें अंतर पुष्कळदां फार थोडें असतें. ज्योत क्षणभर अधिक रेंगाळली तर डाखाबरोबर दागिनाहि वितळून जातो. येथें घड्याळ किंवा मापक उपयोगी पडत नाहीं. धातूच्या रंगावरून डोळ्यांनींच ओळखावें लागतें. हें ओळखण्याचें ज्ञान पुस्तकांत सांगतां येत नाहीं, तें हातांतून हातांत जातें. म्हणूनच तें सहज हरवतेंहि.

असें हरवलेलें एक ज्ञान म्हणजे प्राचीन इटलींतील एट्रस्कन लोकांचें रव्याचें काम. सोन्याच्या पत्र्यावर सोन्याचेच बारीक मणि बसवून नक्षी काढावयाची, असें हें काम आहे. आपल्याकडेहि रव्याचे दागिने होतात; परंतु एट्रस्कन कारागिरांचे कांहीं मणि मिलीमीटरच्या पंचमांशाहूनहि लहान असून त्यांच्या बुडाशीं डाखाचा मागमूसहि दिसत नाहीं. इ. स. १८३६ सालीं रोमच्या उत्तरेस चेर्व्हेतेरी येथें ख्रिस्तपूर्व सातव्या शतकांतील एक थडगें उघडलें, तेव्हां त्यांत सांपडलेलें सोन्याचें काम पाहून विद्वान् थक्क झाले. हे अलंकार मृतांबरोबर पुरले गेले म्हणूनच वांचले. जिवंत माणसांच्या हातीं राहिले असते तर केव्हांच मुशींत गेले असते. रोम येथील कास्तेल्लानी घराण्यानें ही विद्या पुन्हा साधण्यासाठीं पुष्कळ वर्षें खटपट केली. त्यांनीं सुंदर अलंकार केले, पण मूळची बारकाई त्यांस साधली नाहीं.

१९३३ सालीं लिट्लडेल नांवाच्या इंग्रज संशोधकानें एक रीत प्रसिद्ध केली, आणि कोडें बहुतांशीं सुटलें. ती रीत समजून घेण्यासारखी आहे. प्रथम सोन्याच्या तारेचे अगदीं बारीक तुकडे कोळशाच्या पुडींत घालून तापवावयाचे. वितळतांच प्रत्येक तुकडा पाऱ्याच्या थेंबाप्रमाणें आपोआप गोल होतो. हे मणि तांब्याचा क्षार व डिंकासारखा चिकट पदार्थ यांच्या मिश्रणानें पत्र्यावर चिकटवावयाचे व तो पत्रा हळूहळू तापवावयाचा. सुमारें सहाशें अंशांस चिकट पदार्थाचा कोळसा होतो. साडेआठशेंच्या सुमारास तो कोळसा तांब्याच्या क्षारांतील प्राणवायु काढून घेतो व मागें शुद्ध तांब्याचा अतिशय पातळ थर राहतो. नऊशेंच्या सुमारास हें तांबें व त्यास लागून असलेलें सोनें यांचें मिश्रण होतें. तें मिश्रण दोहोंच्याहि आधीं वितळत असल्यामुळें जेथें मणि पत्र्यास टेंकला असेल तेवढ्याच बिंदूपाशीं सांधा होतो. डाख घालावें लागत नाहीं, म्हणून नक्षी भरून जात नाहीं. पहा, सोनें अडीच हजार वर्षें टिकलें. पण तें घडविण्याची विद्या मध्यंतरीं मेली होती. धातु अमर असला तरी विद्या अमर नसते, हें या कथेवरून ध्यानांत येतें.

आतां विसाव्या शतकाकडे वळूं. उत्तर इटलींत पादुआ नांवाचें शहर आहे. तेथील लोक त्यास पादोव्हा म्हणतात. तेथील विश्वविद्यालय १२२२ सालीं स्थापन झालें, व गॅलिलिओ तेथें १५९२ पासून १६१० पर्यंत अध्यापक होता. जोत्तो या चित्रकारानें भिंतींवर रंगविलेलीं जगप्रसिद्ध चित्रें याच शहरांतील एका लहानशा प्रार्थनामंदिरांत आहेत. अशा या विद्येच्या व कलेच्या गांवीं पिएत्रो सेल्व्हातिको नांवाच्या कलाविवेचकानें १८६७ सालीं कारागिरांसाठीं चित्रकला, नमुनेकाम व कोरीवकाम शिकविणारी शाळा काढिली. पुढें ही शाळा एका जुन्या कत्तलखान्याच्या इमारतींत आली. ती इमारत जुझेप्पे याप्पेल्ली या वास्तुशिल्पकारानें बांधलेली असून तिची रचना भव्य आहे. आज या संस्थेस कलाविद्यालयाचा दर्जा आहे. विशेष हें कीं, ही कांहीं प्रौढ पंडितांची अकादमी नव्हे. चौदा ते एकोणीस वर्षांचीं, म्हणजे आपल्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्याच आसपासच्या वयाचीं मुलें-मुली येथें शिकतात. आणि याच शाळेच्या सुवर्णविभागांतून एक संप्रदाय निर्माण झाला, ज्यास आज जगभर “पादुआ संप्रदाय” म्हणून ओळखतात.

या संप्रदायाचा आद्य गुरु मारिओ पिंतोन (१९१९–२००८). त्या काळीं श्रीमंतांचे दागिने म्हणजे मोठमोठे हिरे व त्यांस धरून ठेवणारें जाड सोनें, अशी समजूत रूढ होती. पिंतोननें सोनें पातळ केलें. कागदासारख्या पातळ पत्र्यावर तो हलक्या हातानें रेषा कोरी, पृष्ठभाग किंचित् खालींवर ठेवी, आणि क्वचित् कोठें एखादें लहानसें माणिक असें बसवी कीं वाक्यांत जणूं पूर्णविराम. रत्नासाठीं सोनें नव्हे, तर सोन्यासाठीं रत्न, असा हा उलट क्रम होता. चित्रकार जसा कागदावर विचार करितो, तसा सोनारानें पत्र्यावर विचार करावा, ही त्याची शिकवण. त्यानें स्वतःच्या नक्षीच्या नकला विद्यार्थ्यांकडून करून घेतल्या नाहींत. डोळा व हात तयार करून प्रत्येकास आपला मार्ग शोधावयास मोकळें सोडलें. त्याचें प्रमाण त्याच्या शिष्यांच्या कामांतच मिळतें, कारण तीं कामें एकमेकांसारखीं मुळींच नाहींत.

फ्रांचेस्को पाव्हान (जन्म १९३७) हा पिंतोनचा शिष्य. त्याचें मन भूमितींत रमलें. चौकोन, त्रिकोण, घन अशा शाळेंतील वहींत काढाव्या लागणाऱ्या आकृत्या त्यानें अलंकारांत आणिल्या. तांबूस, पिवळें, पांढरें अशा निरनिराळ्या छटांच्या सोन्याच्या पट्ट्या चटईप्रमाणें एकमेकींत गुंफून त्यानें ब्रूच, म्हणजे वस्त्रास लावावयाचे अलंकार, घडविले. त्यांतील नक्षी वरून कोरलेली किंवा चिकटविलेली नसते; ती विणींतूनच उमटते. पाव्हाननेंहि पुढें याच शाळेंत अध्यापन केलें.

जाम्पाओलो बाबेत्तो (जन्म १९४७) हाहि याच शाळेचा विद्यार्थी व पुढें शिक्षक. त्याचे अलंकार पाहिले म्हणजे अलंकार न वाटतां लहानशा इमारती वाटतात. सोन्याच्या पातळ पत्र्यांचे सरळ कडांचे पोकळ आकार तो घडवितो. पोकळ आकार करणें हें भरींव आकाराहून अवघड, कारण पातळ पत्रा ज्योतीखालीं वांकतो, व सांधा थोडा जरी चुकला तरी कड वांकडी दिसते. कोपरा लपविण्यास तेथें वेलबुट्टी नसते. सोन्याच्या लखलखाटास आवर घालण्यासाठीं तो कधीं रंगद्रव्य वापरतो, तर कधीं निएलो, म्हणजे रूपें, तांबें, शिसें व गंधक यांपासून केलेला काळा लेप, सोन्याशेजारीं भरतो. काळ्याच्या शेजारीं सोनें शांत दिसतें. भपका न करितां सोनें वापरतां येतें, हें त्यानें दाखवून दिलें.

पुढच्या पिढींतील स्तेफानो मार्केत्ती (जन्म १९७०) यानें छटांचा खेळ आणखी पुढें नेला. जपानांत तलवारीच्या मुठीवरील सामान करणाऱ्या कारागिरांनीं सतराव्या शतकांत एक युक्ति काढिली होती. वेगवेगळ्या रंगांच्या धातूंचे पत्रे एकावर एक ठेवून, तापवून व दाबून त्यांचा एकजीव ठोकळा करावयाचा, आणि मग तो कोरून ठोकला कीं लांकडाच्या रेषांसारखी नक्षी उमटते. तिला ते “मोकुमे-गाने”, म्हणजे लांकडाच्या रेषांचा धातु, असें म्हणतात. याच जातीच्या विचारानें मार्केत्ती सोनें, रूपें इत्यादींच्या अनेक मिश्रणांचे तुकडे एकत्र जोडून त्यांचें जणूं धातूचें जडावकाम करितो. यांत मोठा धोका असा, कीं प्रत्येक मिश्रण निराळ्या उष्णतेस वितळतें व निराळ्या मानानें प्रसरण पावतें. एक नीट जुळतें तोंच दुसरें तडकतें. अशा वस्तूस कसोटीवर घासून तिचा कस सांगावयाचा तरी कोणता? जागोजाग तो निराळाच लागावयाचा. आन्नामारिया झानेल्ला (जन्म १९६६) ही त्याच शाळेंतून शिकलेली कलावती तर सोन्याशेजारीं गंजलेलें लोखंड व कांच बसविते, आणि पाहणारास क्षणभर लोखंडच अधिक सुंदर वाटूं लागतें.

पादुआच्या कलावंतांनीं सोन्यास अशा रीतीनें विचारशील केलें. त्याच सुमारास युरोपांत इतरत्र कांहीं कलावंतांनीं अगदीं उलट वाट धरिली. त्यांनीं सोन्याच्या प्रतिष्ठेसच हात घातला. हॉलंडमधील खाइस बाकर यानें १९७३ सालीं सोन्याची एक तार दंडाभोंवतीं घट्ट आवळण्यासाठीं केली. तार काढून घेतली कीं कातडीवर तिचा वळ उमटे. तो वळ हाच खरा अलंकार, असें त्याचें म्हणणें. त्यास त्यानें “छाया-अलंकार” हें नांव दिलें. ओट्टो क्युन्त्स्ली हा १९४८ सालीं झुरिक येथें जन्मलेला स्विस कलावंत. त्यानें म्यूनिक येथें हेर्मान युंगर (१९२८–२००५) या थोर सुवर्णकाराच्या हाताखालीं शिक्षण घेतलें होतें. त्यानें १९८० सालीं एक कडें केलें. तें वरून पाहतां काळ्या रबराच्या नळीचें साधें वेटोळें आहे. फक्त एके ठिकाणीं तें थोडें फुगलेलें दिसतें. त्या फुगवट्यांत सोन्याची गोळी आहे. नांव “सोनें आंधळें करितें.” ज्यास सोनें पाहावयाचें असेल त्यानें रबर कापावें, म्हणजे कडेंच नष्ट करावें. सोनें हवें कीं कडें हवें, दोहोंपैकीं एकच मिळेल!

वाचकांपैकीं कोणी म्हणतील, हा केवळ तऱ्हेवाईकपणा झाला. असला दागिना लग्नकार्यांत कोण घालणार? आक्षेप खोटा नाहीं. आंधळ्या गोळीचें कडें नित्य वापरण्यासाठीं केलेलेंच नव्हे, तें प्रश्न विचारण्यासाठीं केलेलें आहे. आणि असे प्रश्न जन्मभर गळ्यांत घालून हिंडतां येत नाहींत. परंतु विचार करून पाहिलें तर पादुआची शाळा व क्युन्त्स्ली हे दोघे एकच गोष्ट दोन तोंडांनीं सांगत आहेत. क्युन्त्स्लीनें सोनें लपवून त्याची मोहिनी उघड केली. पादुआच्या शिक्षकांनीं सोनें डोळ्यांपुढें ठेविलें, पण त्याची घडण इतकी विचारपूर्वक केली कीं पाहणाराच्या मनांत “हें किती तोळे असेल?” हा प्रश्नच उठूं नये. असा अलंकार कोणी मोडीस नेत नाहीं, कारण मोडल्यास त्याची बहुतेक किंमत नाहींशी होते. जेथें घडणावळ धातूहून मोठी झाली, तेथें सोन्याच्या त्या जुन्या दोषाचें निवारण झालें असें समजावें. जर्मनींतील फोर्त्सहाइम येथें तर केवळ अलंकारांचेंच एक संग्रहालय आहे, व त्यांत प्राचीन अलंकारांबरोबर आधुनिक कलावंतांचेहि अलंकार त्यांच्या त्यांच्या नांवानिशीं मांडलेले असतात.

नांवानिशीं, ही गोष्ट साधी नव्हे. आपल्याकडे २०२१ सालापासून दागिन्यांवर शुद्धतेचा छाप असणें टप्प्याटप्प्यानें सक्तीचें झालें. त्यामुळें गिऱ्हाइकाची फसवणूक टळते, हा मोठाच लाभ आहे. परंतु त्या छापावरून सोनें किती शुद्ध आहे तें कळतें. तो दागिना कोणाच्या हातांनीं घडविला, त्या कारागिराचें नांव त्यावर नसतें. आपल्या आजीच्या पेटींतील ठुशी, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, नथ यांच्या कारागिरांचीं नांवें आज आपणांपैकीं किती जणांस सांगतां येतील? त्यांतील कित्येक दागिने नवीन “फॅशन”च्या साखळीसाठीं मोडीस गेले असतील, आणि त्यांबरोबर ती घडणहि गेली.

मोड घालूं नये असें सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. मुलाच्या शिक्षणासाठीं, आजारपणासाठीं आई आपल्या हातांतली बांगडी काढून देते, तेव्हां त्या सोन्याचा याहून चांगला उपयोग कोणता? तथापि एक गोष्ट प्रत्येकाच्या हातची आहे. दागिना जाण्यापूर्वीं त्याचें चित्र काढून ठेवावें. पुढून, मागून व कडेनें त्याचें छायाचित्र घ्यावें. तो कोणी, कोणत्या गांवीं, केव्हां घडविला, फांसा कसा बसतो, मणि कसा ओवला आहे, हें वडील माणसांस विचारून टिपून ठेवावें. शक्य असेल तर जवळच्या जुन्या सोनारापाशीं बसून तो तार कशी ओढतो, सवागी कशी लावतो, ज्योतीचा रंग कसा ओळखतो, हें पाहावें. विज्ञानाच्या तासास धातूंचे गुणधर्म पाठ करितांना जें शुष्क वाटतें, तेंच त्याच्या ऐरणीपाशीं सजीव होईल. विद्यार्थ्यांनीं हें काम सुटींत केलें तर एका गांवाच्या कारागिरीची अस्सल वही तयार होईल. आणि पालकांनीं त्यांस त्यांत साह्य केलें तर मुलांस आपल्या घराचा इतिहासहि कळेल.

चेल्लीनीच्या भट्टींत जें गेलें त्याची कोणी नोंद ठेविली नव्हती, म्हणून तें दोनदां नष्ट झालें. एकदां धातूंतून व एकदां स्मरणांतून. एट्रस्कनांची विद्या मात्र थडग्यांतील चार अलंकारांवरून पुन्हा उभी करितां आली. पादुआच्या शाळेंत तर एका शिक्षकानें आपली विद्या शिष्यांस दिली, त्या शिष्यांनीं ती पुढच्या शिष्यांस दिली, आणि ज्या हातांनीं ती घेतली त्या प्रत्येकानें तींत आपली भर घातली. सोन्याचा भाव रोज वर्तमानपत्रांत छापून येतो. हाताचा भाव कोठेंहि छापलेला नसतो. तो ओळखावयास डोळस माणूसच लागतो, आणि असा डोळा घडविणें हें शाळेचें काम आहे.